सत्यनिष्ठ श्रेष्ठिपुत्र कविवर बनारसीदास

जैन हिंदी साहित्याच्या इतिहासात कविवर पंडित बनारसीदास यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. आचार्य कुंदकुंदांच्या समयसारातील गहन तत्त्वज्ञान सर्वसामान्य श्रावकाच्या ओठांवर आणणारा त्यांचा 'समयसार नाटक' हा ग्रंथ अनेक ठिकाणी स्वाध्यायात वाचला जातो. तथापि ज्या ग्रंथामुळे त्यांचे नाव जैन समाजाच्या सीमा ओलांडून गेले, तो 'अर्धकथानक' हा रूढ अर्थाने धर्मग्रंथ नाही. ते त्यांचे पद्यमय आत्मचरित्र आहे. इ.स. १६४१ मध्ये आग्रा येथे लिहून पूर्ण झालेल्या या ६७५ पद्यांच्या रचनेस भारतीय भाषांतील पहिले आत्मचरित्र म्हणून अभ्यासकांनी गौरविले आहे. एका प्रतिष्ठित जव्हेरी घराण्याच्या एकुलत्या एक वारसाने आपले तारुण्यातील चोरटे प्रेम, त्यापायी पित्याच्या मालावर मारलेला हात, व्यापारात आलेली नामुष्की आणि धर्माच्या नावाखाली केलेले पोरखेळ हे सर्व स्वतःच्या लेखणीने नोंदवून ठेवले आहे. आपल्या समाजात चरित्रे पुष्कळ लिहिली गेली. परंतु अशा निर्भयतेने स्वतःचाच हिशेब मांडणारे ग्रंथ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत.

बनारसीदासांचे मूळ घराणे रोहतकजवळील बिहोली गावचे. घराण्याच्या परंपरेनुसार हे मूळचे राजपूत. गुरूपदेशाने त्यांनी णमोकार मंत्राचा स्वीकार केला आणि ते श्रीमाळ ज्ञातीत, बिहोलिया गोत्रात गणले जाऊ लागले. आजोबा मूलदास हिंदी आणि फारसी जाणणारे होते. माळव्यातील नरवर येथे एका मुघल सरदाराचे मोदी म्हणून त्यांनी काम पाहिले. त्यांचे निधन झाले तेव्हा पुत्र खरगसेन अवघे पाच वर्षांचे होते. सरदाराने घरातील सर्व चीजवस्तू जप्त केली आणि विधवा माता लहानग्याला घेऊन माहेरी, गोमतीकाठच्या जौनपूरला आली. तेथे मातामहांच्या जवाहिराच्या पेढीवर खरगसेन तयार झाले. पुढे बंगालमध्ये नोकरी, आग्र्यात भागीदारी असे अनुभव घेऊन त्यांनी जौनपुरात स्वतःचा व्यापार उभा केला. लहानपणी सर्वस्व गमावलेल्या या माणसाने माणिक-मोत्यांच्या व्यवहारात एकेक रुपया जोडून घराला पुन्हा उभे केले होते, हे लक्षात घेतल्याखेरीज पुढे पितापुत्रांत जे घडले त्याची तीव्रता कळणार नाही.

पहिला पुत्र जन्मानंतर काही दिवसांतच गेला. पुत्रप्राप्तीसाठी पतिपत्नी रोहतकच्या सतीच्या दर्शनास निघाले, तर वाटेत चोरांनी त्यांना लुटले. पुत्र मागायला गेलेल्यांचे होते नव्हते तेही गेले, आणि तरीही लोकांचे डोळे उघडले नाहीत, अशी खोच खुद्द बनारसीदासांनीच या प्रसंगावर मारली आहे. त्यानंतर संवत १६४३ (इ.स. १५८६) मध्ये माघ शुद्ध एकादशीस पुत्ररत्न झाले. नाव ठेवले विक्रमाजित. बाळ सहा-सात महिन्यांचे असताना मातापिता भगवान पार्श्वनाथांच्या जन्मभूमीच्या यात्रेस वाराणसीला गेले. तेथील पुजाऱ्याने ध्यानाचे अवडंबर माजवून सांगितले की, प्रभूंच्या यक्षाने दर्शन दिले आहे. बाळाला या नगरीचे नाव दिल्यास तो दीर्घायुषी होईल. भोळ्या मातापित्यांनी ते मानले आणि विक्रमाजिताचा बनारसी झाला. आपल्या नावामागे पुजाऱ्याची चलाखी होती, हेही कवीने लपविलेले नाही.

आठव्या वर्षी पंतोजींकडे अक्षरओळख झाली आणि नवव्या वर्षी खैराबादच्या कल्याणमलांच्या कन्येशी वाङ्निश्चय झाला. अकराव्या वर्षी विवाह. नववधू घरी आली त्याच दिवशी घरात एका कन्येचा जन्म झाला आणि एका वृद्धेचे निधनही झाले. जन्म, मृत्यू आणि लक्ष्मीचे आगमन एकाच दिवशी, एकाच उंबरठ्यावर घडले.

इ.स. १५९८च्या सुमारास जौनपूरचा नवाब किलीच खान याने शहरातील सर्व जव्हेऱ्यांना पकडले. हवी ती वस्तू मिळेना म्हणून त्यांना कोठडीत टाकले, फटक्यांनी झोडपले आणि मृतप्राय करून सोडले. सुटका होताच जव्हेऱ्यांनी बायकामुलांसह वाट फुटेल तिकडे पळ काढला. खरगसेनही मुसळधार पावसातून कुटुंबाला घेऊन शहजादपूरला पोहोचले. या विपत्काळात बारा वर्षांच्या बनारसीने कवड्या विकून टका-दोन टक्यांची पहिली कमाई केली. आजीने ती कमाई कौतुकाने मस्तकी लावून लाडू वाटले. नातू घराण्याच्या वळणावर जाणार, अशी त्या वृद्धेची खात्री झाली असावी.

प्रत्यक्षात घडले ते निराळेच. जौनपूरला परतल्यावर, इ.स. १६०० मध्ये, चौदाव्या वर्षी बनारसीने पंडित देवदत्त यांच्याकडे नाममाला, अनेकार्थ, ज्योतिष, अलंकार यांचे अध्ययन आरंभिले. त्यातच लघु कोकशास्त्रही होते. त्याच वर्षी तो प्रेमात पडला. कुलाची लाज आणि लोकांची भीड दोन्ही त्याने सोडली. ती कोण होती, हे अर्धकथानकात सांगितलेले नाही. स्वतःबद्दल काहीही न झाकणाऱ्या या लेखकाने तिचे नाव मात्र झाकून ठेवले आहे, आणि ते योग्यच म्हटले पाहिजे. आपण काय केले ते मात्र त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. वडिलांच्या मालातील माणके, रत्ने आणि पैसा ते चोरून नेत, विडे आणि उंची मिठाई आणून प्रियेकडे पाठवीत आणि तिच्यापुढे स्वतःला फकिरासारखे दीन म्हणवून घेत. हातावर मोजून दिलेल्या रत्नांवर ज्याच्या घराची पत उभी असते, त्या जव्हेऱ्याच्या घरात पुत्रानेच माणके उचलावीत, यापेक्षा मोठा घात कोणता? शिवाय हा मुलगा विवाहित होता आणि खैराबादला त्याची पत्नी सासरी जाण्याच्या दिवसाची वाट पाहत होती.

याच सुमारास खरतरगच्छाचे उपाध्याय अभयधर्म यांचे शिष्य मुनी भानुचंद्र आणि रामचंद्र जौनपुरात आले. भानुचंद्रांवर बनारसीची निष्ठा जडली. दिवसा उपाश्रयात बसून तो सामायिक, प्रतिक्रमण, व्याकरण आणि स्तोत्रे शिके. तेथून उठला की पाय प्रियेच्या घराकडे वळत. एकीकडे गुरुचरणी खरी भक्ती आणि दुसरीकडे खरी आसक्ती, असे दुहेरी जीवन त्याने कित्येक वर्षे काढले. या काळात त्याने एक हजार दोहे-चौपायांचा नवरसांचा ग्रंथ रचला. नाव नवरसांचे असले तरी त्यात भर शृंगाराचाच होता.

घरातील वडीलधाऱ्यांना दोन्ही व्यसने सारखीच वाटत. फार शिकणे हे ब्राह्मण-भाटांचे काम; वाण्याच्या मुलाने दुकानात बसावे; जो अति शिकतो तो भीक मागतो, अशी त्यांची समजूत होती आणि ती ते त्याला वारंवार ऐकवीत. आज या उपदेशाचे हसू येते. पण घराण्याची पेढी पुढे चालविणारा दुसरा कोणी नाही, हे जाणणाऱ्या पित्याच्या काळजीतून ते शब्द आले होते.

इ.स. १६०२ मध्ये सोळाव्या वर्षी बनारसी पत्नीला आणण्यासाठी पालखीत बसून, उंची वस्त्रे लेवून खैराबादला गेला. महिना उलटतो न उलटतो तोच त्याला भयंकर व्याधी जडली. कुष्ठासारखे फोड सर्वांगावर उठले, केस गळाले, शरीराला दुर्गंधी येऊ लागली. सासरे आणि मेहुणे जवळ बसून जेवेनासे झाले. जवळ राहिल्या त्या दोघीच : पत्नी आणि सासू. त्यांनी त्याला घास भरविले, अंगाला औषध लावले आणि घाण वाटली तरी नाक दाबून सेवा केली. नुकतीच संसाराच्या उंबरठ्यावर उभी असलेली ती कोवळी मुलगी. पतीचे मन आणि पित्याची माणके जौनपुरात कोठे खर्च झाली, हे तिला ठाऊक होते की नाही, ते ग्रंथात नाही. तिने काय केले तेवढे आहे. अखेरीस खैराबादच्याच एका न्हाव्याने औषध दिले, अळणी हरभऱ्यांचे पथ्य लावले आणि काही महिन्यांनी रोगी बरा झाला.

इतके होऊनही जौनपूरला परतल्यावर बनारसीची पावले पुन्हा त्याच दोन वाटांनी चालू लागली, अध्ययनाच्या आणि प्रेमाच्या. ज्या चरित्रकाराला नायकाचे एका संकटात हृदयपरिवर्तन दाखवायचे असते, त्याने हा भाग खचित गाळला असता. बनारसीदासांनी तो गाळलेला नाही. पुढे एका संन्याशाने त्याला गाठले आणि एक मंत्र वर्षभर गुप्तपणे जपल्यास दारात रोज एक सुवर्णमुद्रा सापडेल असे सांगितले. वर्ष संपले, दारात काही सापडले नाही. मग एका जोग्याने शंख दिला व त्याची पूजा केल्यास मोक्ष मिळेल असे सांगितले. तीही पूजा चालली. जैन श्रावकाचा मुलगा, मुनींचा शिष्य, पण मन असे भरकटलेले.

संवत १६६२च्या कार्तिकात, म्हणजे इ.स. १६०५च्या ऑक्टोबरात, आग्र्यात अकबर बादशहाचे निधन झाले. बातमी जौनपूरला आली तेव्हा बनारसीदास घराच्या जिन्यावर बसले होते. ऐकताच भोवळ येऊन ते कोसळले, कपाळ फुटले, अंगण रक्ताने माखले. मातेने कापड जाळून जखमेत भरले. इकडे शहरात हलकल्लोळ माजला. दुकाने बंद झाली, लोकांनी दागदागिने जमिनीत पुरले, श्रीमंतांनी जाडीभरडी वस्त्रे अंगावर चढविली, स्त्रियांनी अलंकार उतरविले. दहा दिवसांनी आग्र्याहून पत्र आले की सलीम जहांगीर या नावाने तख्तावर बसला असून सर्वत्र शांतता आहे. तेव्हा कोठे शहराच्या जिवात जीव आला.

बिछान्यावर पडल्या पडल्या बनारसीदासांच्या मनात विचार आला की, आपण जिन्यावरून पडलो तेव्हा ज्या शंखाची पूजा करतो त्याने आपल्याला का सावरले नाही? त्या दिवसापासून ती पूजा थांबली. एकदा प्रश्न विचारण्याची सवय लागली की ती एका जागी थांबत नाही. एके दिवशी सायंकाळी मित्रांसमवेत ते गोमतीच्या पुलावर बसून आपला नवरसग्रंथ वाचून दाखवीत होते. वाचता वाचता त्यांना वाटले, एक असत्य बोलणाऱ्यालाही अधोगती भोगावी लागते, आपण तर या पोथीत हजार असत्ये रचली आहेत. पोथी हातात होती, खाली गोमती वाहत होती. त्यांनी ती पाण्यात सोडून दिली. मित्र हाय हाय करीत उठले, परंतु सुटी पाने प्रवाहात विखुरली आणि दिसेनाशी झाली. बनारसीदास काही न बोलता घरी आले.

त्या दिवसापासून प्रेमाची वाट सुटली. नित्य मंदिरात दर्शन, सामायिक, प्रतिक्रमण, चौदा नियम, व्रत-उपवास असा त्यांचा क्रम सुरू झाला. कालपर्यंत नावे ठेवणारे लोक स्तुती करू लागले आणि खरगसेनांना अत्यानंद झाला. येथे हे चरित्र संपविले असते तर एक सुबोध धर्मकथा हाती आली असती. परंतु वाट सोडल्याने कोणी कुशल व्यापारी होत नाही, आणि पुढील दहा वर्षांची कहाणी त्याचीच आहे.

इ.स. १६१० मध्ये खरगसेनांनी पुत्राला जवळ बसवून घराचा भार त्याच्यावर सोपविला. माणके, पाचू, नीलम, सोन्याच्या पोहोच्या, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि दोनशे रुपयांचे जौनपुरी कापड अशी यादी कागदावर लिहून दिली आणि आग्र्याला रवाना केले. इटाव्याजवळ पावसाने गाठले. सराईत जागा नाही, कोणी दारात उभे करीना. अखेर एका पहारेकऱ्याच्या झोपडीत, दुसऱ्याच्या खाटेखाली गोणपाटावर रात्र काढावी लागली. आग्र्यात माल विकताना भाव साधेना. काही रत्ने नाड्याला बांधलेली होती, ती नकळत गळून पडली. काही माणके उंदरांनी पळविली. तूप-तेल-कापड विकून आलेले पैसे खाण्यात आणि देण्यात संपले. ही वार्ता जौनपूरला पोहोचली तेव्हा पित्याच्या संतापाला आणि दुःखाला सीमा राहिली नाही.

आग्र्यातील ते महिने मोठे विलक्षण आहेत. घरी तोंड दाखविण्यासारखे नव्हते. घरातील वस्तू एकेक करून विकून झाल्यावर बनारसीदास सायंकाळी 'मधुमालती' आणि 'मृगावती' या प्रेमाख्यानांचे वाचन करीत. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. ज्याने आपले प्रेमकाव्य गोमतीत बुडविले, तोच आता दुसऱ्यांची प्रेमकाव्ये वाचून परक्या शहरातील रात्री घालवीत होता. श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडे रोज उधारीवर कचोऱ्या खाणे चाले. एके दिवशी बनारसीदासांनी त्याला एकांतात गाठून सांगितले की आपल्याजवळ काहीच नाही, उधार देताना विचार करावा. त्या भल्या माणसाने वीस रुपयांपर्यंत खुशाल खात जावे, असे उत्तर दिले. सहा-सात महिन्यांनी हिशेब झाला तेव्हा देणे निघाले चौदा रुपये, आणि ते बनारसीदासांनी चुकते केले.

काही काळ भागीदारीत धंदा करून पाहिला, पण जमेइतकाच खर्च झाला. रिक्त हस्ताने ते खैराबादला सासरी आले. पत्नीने व्यापाराची विचारपूस केली. आधी त्यांनी गोष्ट सावरून नेण्याचा प्रयत्न केला, मग खरे ते सांगितले. तिने आपल्या साठवणीतील वीस रुपये पतीच्या हाती ठेवले. तेवढ्यावर न थांबता आईला विश्वासात घेतले आणि पतीची लाज राखण्याची विनंती केली. सासूने कोणास कळू न देता दोनशे रुपये दिले. त्या पैशातून मोती आणि कापड खरेदी करून बनारसीदास पुन्हा आग्र्याला गेले. कापड तोट्यात गेले, मोत्यांनी थोडे हात दिले. वडिलांच्या पेटीतील माणके जिच्यासाठी गेली तिचे अर्धकथानकात पुढे काहीच नाही. खैराबादच्या या वीस रुपयांची नोंद मात्र अंकासहित आहे.

त्यानंतर थोड्याच वर्षांत खैराबादहून एक न्हावी पत्र घेऊन आला. पत्रात दोन वार्ता होत्या. पत्नी प्रसूतीनंतर बाळासह निवर्तली, आणि तिच्या धाकट्या बहिणीचा विवाह बनारसीदासांशी ठरविण्यात आला आहे. शोक आणि मांगल्य एकाच कागदावर हाती आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे नकाराचा प्रश्नच नव्हता.

मधल्या काळात जौनपुरात एक गोष्ट घडली. ज्या किलीच खानाने जव्हेऱ्यांना झोडपले होते, त्याचाच पुत्र चीनी किलीच हा बनारसीदासांकडे नाममाला आणि छंदशास्त्र शिकला आणि त्याने त्यांचा वस्त्रे देऊन सन्मान केला. वाण्याच्या मुलाने फार शिकू नये म्हणणारे वडीलधारे हे पाहण्यास किती उरले होते कोण जाणे. इ.स. १६१६ मध्ये खरगसेनांचे निधन झाले. अखेरच्या आजारात पुत्राने त्यांची मनोभावे सेवा केली.

पुढे आग्रा हेच बनारसीदासांचे स्थान झाले. इ.स. १६२३ मध्ये अरथमल ढोर या साधर्मी बंधूंनी त्यांच्या हाती पांडे राजमल्लांच्या टीकेसह समयसार दिला. निश्चयनयाचे वाचन झाले, पण गुरूविना झाले. परिणाम असा की व्रत, पूजा, सामायिक सर्व व्यर्थ आहे असे मानून त्यांनी आचार सोडला. चंद्रभान, उदयकरण आणि थानमल या मित्रांसह बंद खोलीत विवस्त्र होऊन मुनी झाल्याचे सोंग करण्यापर्यंत मजल गेली. समाजाने निंदा केली आणि ती योग्य होती, असे त्यांनीच पुढे मान्य केले आहे. इ.स. १६३५ मध्ये पंडित रूपचंद आग्र्यात आले आणि तिहुना साहूंच्या मंदिरात त्यांनी गोम्मटसाराचे प्रवचन केले. गुणस्थानानुसार आचाराची संगती लागली, स्याद्वादाचे मर्म उमगले आणि मन स्थिर झाले. दुसऱ्याच वर्षी समयसार नाटक पूर्ण झाले.

त्यांचे तीन विवाह झाले. सात पुत्र, दोन कन्या अशी नऊ अपत्ये झाली आणि नऊही गेली. अखेर पतिपत्नी दोघेच उरले. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी मागे वळून पाहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षे धरले तर हे अर्धे झाले, म्हणून ग्रंथाचे नाव अर्धकथानक. शेवटी त्यांनी स्वतःचे गुण आणि दोष दोन्ही नोंदविले आहेत. क्षमावान, संतोषी, मधुरभाषी अशी एक बाजू. पैशाचा लोभ, थट्टेची खोड, खोटे बोलण्याची सवय, एकांतात नाचणे आणि अकारण भयभीत होणे ही दुसरी. व्यापाऱ्याच्या वहीप्रमाणे जमा आणि नावे समोरासमोर लिहिलेले आहेत.

इ.स. १६४३च्या सुमारास त्यांचे देहावसान झाले. १६४४ मध्ये आग्र्याच्या जगजीवन यांनी त्यांच्या स्फुट रचना 'बनारसीविलास' या नावाने एकत्र केल्या. अर्धकथानक मात्र पुढील तीनशे वर्षे हस्तलिखितांतच राहिले. १९४३ मध्ये पंडित नाथूराम प्रेमी यांनी त्याची संपादित आवृत्ती मुंबईहून प्रकाशित केली. त्याच वर्षी प्रयागहून डॉ. माताप्रसाद गुप्त यांचीही आवृत्ती निघाली, आणि १९८१ मध्ये मुकुंद लाठ यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद जयपूरहून प्रसिद्ध झाला.